गणिताचा पेपर काढावा कसा, तपासावा कसा

तिसरीच्या चाचणीत वजाबाकीची दोन उदाहरणं आहेत असं धरू. पहिलं ४७८ − २३५, दुसरं ४०३ − १६८. दोन्ही तीन अंकी, दोन्हींना दोन-दोन गुण. पेपर काढणाऱ्याने पहिलं सोपं म्हणून आणि दुसरं अवघड म्हणून घातलं असणार. पण या दोघांतला खरा फरक सोप्या-अवघडाचा नाही. पहिल्या उदाहरणात प्रत्येक स्थानावर वरचा अंक खालच्यापेक्षा मोठा आहे. ज्या मुलाला दशक सुटा करून वजाबाकी येते ते २४३ लिहील. आणि ‘वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान वजा करायचा’ एवढंच ज्याच्या डोक्यात आहे तेही २४३च लिहील. दोघांनाही पैकीच्या पैकी. शिक्षकाला मात्र या उदाहरणातून दोघांपैकी कोणाबद्दलच काही कळलं नाही.

दुसऱ्या उदाहरणाचं तसं नाही. त्याचं बरोबर उत्तर २३५. पण उत्तरपत्रिकांत आणखी काही ठरावीक उत्तरं येऊ शकतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. ३६५ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. त्याला खालची पूर्ण संख्या वरच्या संख्येतून काढायची आहे हेच उमगलेलं नाही. ३३५ लिहिणाऱ्याने शून्याचे नऊ केले, एककाला दहा दिले, पण शतकातून एक कमी करायचं राहिलं. २४५ लिहिणाऱ्याने शतक सुटं केलं, दशकाच्या घरात दहा मांडले, मात्र त्यातला एक एककाला दिल्यावर नऊ उरतात हे तो विसरला. १४५ लिहिणाऱ्याने शून्याला वळसा घालून दोन्ही वेळा थेट शतकाकडून उसनं आणलं. ५७१ आलं असेल तर मुलाने बेरीज केली. त्याला कदाचित वजाबाकी येतही असेल, चिन्ह पाहिलं नसेल.

चूक एकच, ‘उत्तर चुकलं’ ही. पण उपाय पाच. कोणाला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागेल, कोणाला ‘शून्यातून उसनं कसं घ्यायचं’ एवढीच एक पायरी नीट दाखवली की काम होईल, आणि कोणाला नुसतं ‘चिन्ह बघ रे’ म्हटलं तरी पुरे.

अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८मध्ये नेमकी हीच गोष्ट पद्धतशीरपणे मांडली. वजाबाकी चुकवणारी बरीच मुलं वेंधळी नसतात. ती एक रीत अगदी इमानाने पाळत असतात, फक्त ती रीत चुकीची असते. एकदा ती रीत ओळखली की ते मूल पुढच्या उदाहरणात कोणतं चुकीचं उत्तर लिहील हेही सांगता येतं. भावी शिक्षकांना अशा रीती ओळखण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांनी एक संगणकीय खेळही तयार केला होता.

प्राथमिक गणिताचा पेपर काढण्याचं सारं कौशल्य इथे आहे. बरोबर उत्तर काय येईल हे कोणीही सांगेल. चुकीची उत्तरं कोणती येतील आणि ती काय सांगतील, हे ज्याला आधी सांगता येतं त्याने पेपर काढावा. गुणदानाची योजनाही त्याच वेळी, प्रश्नाच्या शेजारीच लिहावी. कारण कशाला किती गुण द्यायचे हे ठरवता येत नसेल, तर प्रश्न कशासाठी विचारला आहे हेच अजून ठरलेलं नाही.

आकडे उगीच येत नाहीत

बरेच प्रश्न बिघडतात ते भाषेमुळे नाही, आकड्यांमुळे. चौरसाची बाजू ४ सेंमी, परिमिती काढा, असा प्रश्न घाला. परिमिती १६ सेंमी. पण क्षेत्रफळही १६ चौसेंमी. ज्या मुलाने परिमिती आणि क्षेत्रफळ यांची अदलाबदल केली त्याचा आकडाही बरोबरच येणार. ६ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद आयताचंही तसंच, दोन्हीकडे १८. बाजू ५ घेतली की परिमिती २० आणि क्षेत्रफळ २५, आणि गोंधळ असेल तर तो लगेच उघडा पडतो. गुणाकाराची ओळख करून देताना २ × २ घेण्यातही हाच धोका, कारण २ + २ सुद्धा चारच.

संख्यालेखनात तर मराठी शाळांना खास काळजी घ्यावी लागते. आपण त्रेचाळीस म्हणताना आधी तीन उच्चारतो, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार येतो. त्यामुळे त्रेचाळीस ऐकून ३४ लिहिणारी मुलं पहिली-दुसरीत असतातच. एकोणसाठ म्हटलं की साठ कानात राहतात आणि वहीत ६९ उतरतं. बालभारतीच्या २०१९च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला, तो याच अडचणीवरून. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, पेपर काढताना एवढं लक्षात ठेवावं लागतं: ‘पंचावन्न अंकांत लिहा’ या प्रश्नातून अंकांची उलटापालट कधीच दिसणार नाही. त्रेचाळीस विचारा, एकोणसाठ विचारा. तीन अंकी संख्यांत ‘चारशे सात’ विचारा, म्हणजे ऐकू आलं तसं ४००७ लिहिणारं मूल कळेल.

अपूर्णांकांत ३/४ मोठा की १/२, हा लाडका प्रश्न. पण ३ आणि ४ हे अंक १ आणि २ पेक्षा मोठे म्हणून ३/४ निवडणारं मूलही इथे पास होतं. त्याऐवजी २/३ आणि ३/५ ही जोडी द्या. इथे मोठे अंक असलेला अपूर्णांक लहान आहे. मात्र ‘अंक लहान तेवढा अपूर्णांक मोठा’ अशी उलटी समजूत असलेलं मूल यातून सुटतं. म्हणून सोबत ५/६ आणि २/३ हीसुद्धा जोडी हवी. दोन्ही जोड्या बरोबर आल्या तरच तुलना कळली असं मानावं. दशांशातही ३.२५ आणि ३.४ यांतली मोठी संख्या विचारली की दशांश चिन्हापुढचे अंक ‘पंचवीस’ आणि ‘चार’ असे वाचणारी मुलं वेगळी निघतात. ३.२५ आणि ३.१४ विचारलं असतं तर निघाली नसती.

मापनातला एक सोपा आणि फार बोलका प्रश्न आहे. पट्टीचं चित्र काढायचं आणि पेन्सिलीचं एक टोक शून्यावर न ठेवता २ वर ठेवायचं, दुसरं ७ वर. लांबी किती? ५ सेंमी हे उत्तर. ७ लिहिणारं मूल पट्टीवरचा शेवटचा आकडा वाचतं. त्याला लांबी म्हणजे अंतर हे ठाऊक नाही. ६ लिहिणारं मूल दोन ते सात या रेघा मोजतं, मधल्या जागा मोजत नाही. आता हाच प्रश्न शून्यापासून काढा. शेवटचा आकडा वाचणाऱ्या मुलाचं उत्तरही बरोबर येईल. जाता जाता एक सूचना: रेषाखंड मोजायला सांगणारा प्रश्न झेरॉक्स काढल्यावर छापील प्रतीवर स्वतः पट्टी लावून तपासावा. प्रत जराशी आक्रसली की ६ सेंमीचा रेषाखंड ५.७ भरतो, आणि नीट मोजणाऱ्या मुलाचेच गुण जातात.

बरोबरच्या चिन्हाचंही असंच. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत काय येईल? ७. पण आपली मुलं वर्षानुवर्षं ‘=’ नंतर फक्त उत्तर लिहीत आलेली असतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिलं नव्हतं. जवळजवळ सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिलं. सातवी-आठवीत समीकरणं आली की मुलं अडखळतात, त्याचं एक मूळ इथे आहे. दुसरी-तिसरीच्या पेपरात अशा एका चौकटीला जागा करून देणं काही अवघड नाही.

शाब्दिक उदाहरणं: कोण वाचतं, कोण शब्द हेरतं

‘राजूजवळ ३५ गोट्या आहेत. मीनाजवळ त्याच्यापेक्षा ८ जास्त आहेत. मीनाजवळ किती?’ हे उदाहरण सोडवायला गणित फारसं लागत नाही. ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसलं की भागाकार, ही शिकवणीत मिळणारी किल्ली पुरते. आता वाक्य बदलू. ‘राजूजवळ ३५ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. मीनाजवळ किती?’ आकडे तेच, ‘जास्त’ हा शब्दही तोच, पण उत्तर २७. शब्द हेरणारं मूल ४३ लिहितं. परिच्छेद समजून घेणारं आणि शब्द हेरणारं मूल वेगळं करायचं तर दोन्ही प्रकारची वाक्यं पेपरात असायला हवीत.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या गणितशिक्षण संशोधकांनी १९८०च्या सुमारास मुलांना एक मजेशीर प्रश्न विचारला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी क्रिया करून वय सांगून टाकलं. मुलं काही वेडी नव्हती. शाळेत गणिताच्या प्रश्नाला उत्तर असतंच, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच काढायचं असतं, हा नियम ती वर्षानुवर्षं शिकली होती. तो नियम शिकवला होता प्रश्नपत्रिकांनी. म्हणून अधूनमधून एखादा आकडा जादा द्यावा, एखादी माहिती मुद्दाम गाळून ‘हे उदाहरण सोडवायला आणखी काय कळायला हवं?’ असंही विचारावं.

भागाकारातल्या बाकीचा किस्सा तर शिक्षणाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांसाठी किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ बस हे बरोबर उत्तर २३ टक्क्यांनीच लिहिलं. २९ टक्क्यांनी ‘३१ बाकी १२’ असं लिहिलं. बाकी राहिलेले बारा सैनिक कुठे बसणार, याचा विचार त्यांनी केला नाही.

आपल्याकडे पाचवीसाठी असाच एक संच करता येतो. भागाकार एकच, १५० ÷ ४४, म्हणजे भागाकार ३ आणि बाकी १८. पहिला प्रश्न: सहलीला १५० मुलं निघाली, एका एसटीत ४४ जण बसतात, किती गाड्या लागतील? उत्तर ४. दुसरा: १५० रुपयांत ४४ रुपयांच्या किती वह्या येतील? उत्तर ३. तिसरा: वह्या घेऊन किती रुपये उरतील? उत्तर १८. एकाच मांडणीतून तीन उत्तरं, आणि कोणतं कुठे लागू पडतं हे ठरवायला आकडेमोडीच्या पलीकडची समज लागते. भागाकाराची दहा कोरी उदाहरणं घालण्यापेक्षा हा एक संच जास्त सांगून जातो.

मात्र शाब्दिक उदाहरणाची भाषा स्वतःच परीक्षा होऊन बसू नये. तीन ओळींचं लांबलचक वाक्य, ‘अनुक्रमे’, ‘तदनंतर’ असे शब्द, गोष्टीशी संबंध नसलेली नावं, यांत मूल गणितापर्यंत पोचण्याआधीच दमतं. घरी गोंडी, भिली, कोरकू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचे तर दुहेरी हाल. एका वाक्यात एक माहिती, शेवटी स्वतंत्र वाक्यात प्रश्न, आणि किमती बाजारातल्या. पाच रुपये किलो कांदे पाहून शेतकऱ्याच्या घरातलं मूल गणित सोडून भलत्याच विचारात पडेल.

पहिली-दुसरीत तर लेखी पेपर हे एकच साधन असूच नये. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० साली आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात याची सोय केली होती. पहिली-दुसरीला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचा भार ७० आणि सत्राअखेरच्या संकलिताचा ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मा-निम्मा असा होता. संकलितातही तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे दहा गुण वेगळे होते. समोर नाणी ठेवून ‘सतरा रुपये दे’ म्हटलं की दहा आणि पाचची नाणी उचलून वर दोन सुटे ठेवणारं मूल, वाचता येत नसलं तरी, दशक-एकक जाणतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५पासून हेच होतं. एका वेळी एकाच मुलाजवळ बसून अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, एवढंच पाहतात.

चार पर्याय, पण कोणते?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीमुळे बहुपर्यायी प्रश्न आता प्रत्येक शाळेत पोचले आहेत. त्या परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तपासायला सोपे, म्हणून शाळाही आपल्या चाचण्यांत ते घालतात. पण पर्याय लिहिणं हे प्रश्न लिहिण्याहून कठीण काम आहे.

४०३ − १६८ ला २३५, २३६, २३४, २३७ असे पर्याय दिले तर चुकीची रीत वापरणाऱ्या मुलाला आपलं उत्तर पर्यायांत सापडतच नाही. ते गोंधळतं, पुन्हा करून पाहतं किंवा ठोकून देतं. एकक स्थानच्या एका आकड्यावरून बरोबर उत्तर हेरणंही सोपं होतं. शतक-दशकाकडे बघायलाच नको. पर्याय २३५, ३६५, ३३५, २४५ असे दिले की प्रत्येक चुकीच्या रीतीला तिची जागा मिळते. शिवाय चारही पर्यायांत एककस्थानी ५च आहे, त्यामुळे शेपटाकडे बघून उत्तर ओळखता येत नाही. चुकीचा पर्याय हा मुलाला फसवण्यासाठी नसतो. मुलाने स्वतः काढलेलं उत्तर त्याला तिथे सापडावं, यासाठी असतो.

चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी चारांत एकदा उत्तर बरोबर येतं, हे विसरू नये. म्हणून एका कौशल्यावर एकच बहुपर्यायी प्रश्न ठेवून निष्कर्ष काढू नयेत. ‘असर’च्या चाचणीत याची उत्तम सोय आहे: अंकओळखीत पाचपैकी किमान चार बरोबर, वजाबाकीत दोन्ही उदाहरणं बरोबर, तरच ती पातळी आली असं धरतात. गुण मोजण्याऐवजी ‘येतं की नाही’ हे ठरवण्याचा हा साधा नियम घटक चाचणीतही वापरता येईल.

पेपर काढण्याआधी संविधान तक्ता भरावा. आडव्या रांगेत घटक, उभ्या रांगेत उद्दिष्टं: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. हा तक्ता पुष्कळदा पेपर काढून झाल्यावर कागद पूर्ण करण्यापुरता भरला जातो. आधी भरला तर पेपरात संख्याज्ञानाचे सहा प्रश्न आणि मापनाचा एकही नाही, असं होत नाही.

गुणदान: पेन हातात घेण्याआधी

१९१३ साली स्टार्च आणि एलियट या अमेरिकन अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी गुण कोणी तीसच्या आत दिले, कोणी नव्वदच्या वर. गणितात उत्तर एक तर बरोबर असतं नाहीतर चूक, मग गुणांत एवढी तफावत का? कोणी नुसतं उत्तर पाहिलं, कोणी रीत पाहिली, कोणी अक्षर आणि मांडणीचेही गुण धरले. ठरवलेलं काहीच नव्हतं.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा सोडताना, अकराव्या वर्षी, मुलं गणिताचे तीन पेपर देतात. पहिला अंकगणिताचा ४० गुणांचा, पुढचे दोन विचारक्षमतेचे ३५-३५ गुणांचे. मोठ्या गुणाकाराला दोन गुण. उत्तर बरोबर तर दोन्ही. उत्तर चुकलं पण रूढ रीत शेवटपर्यंत नेली आहे आणि आकडेमोडीत एकच चूक आहे, तर एक गुण. मात्र दशकाने गुणताना शून्य द्यायचं राहिलं असेल, तर तो एक गुणही नाही.

वरवर हे कठोर वाटतं. ३४ × २६ घेऊन पाहू. बरोबर उत्तर ८८४. एका मुलाने ३४ × ६ = १९४ केलं, पुढे ६८० बरोबर मांडलं आणि ८७४ लिहिलं. दुसऱ्याने २०४ बरोबर काढलं, पण दोनाने गुणताना शून्य दिलं नाही, ६८ लिहिलं आणि बेरीज २७२ केली. पायऱ्या मोजायच्या म्हटलं तर दुसऱ्याची एकच पायरी चुकली, बेरीजही बरोबर. पण पहिल्याला गुणाकार कळला आहे, पाढा घसरला. दुसऱ्याला २६ मधला दोन म्हणजे वीस हेच कळलेलं नाही. ३० × २० सुद्धा ६०० होतात, मग ३४ × २६ एवढे कमी कसे, हे त्याला खटकलं नाही. निव्वळ उत्तर पाहणाऱ्या शिक्षकाने दोघांना शून्य दिलं असतं, पायऱ्या मोजणाऱ्याने दोघांना सारखे गुण दिले असते. दोन्हीकडे खरा फरक बुजला असता. घसरण आणि गैरसमज यांना वेगळं तोलणं, हे चांगल्या गुणदान योजनेचं पहिलं काम.

आता तीन गुणांचं एक उदाहरण. ‘एका खोक्यात २४ वह्या. शाळेने १८ खोकी घेतली. त्यांतल्या ४०० वह्या वाटल्या. किती उरल्या?’ योजना अशी लिहिता येईल: २४ × १८ ही क्रिया निवडली, एक गुण. गुणाकार बरोबर म्हणजे ४३२ आला, एक गुण. आलेल्या गुणाकारातून ४०० वजा करून उत्तर काढलं, एक गुण. यात ‘आलेल्या गुणाकारातून’ हे शब्द महत्त्वाचे. ज्याने ४२२ काढून २२ उरल्या असं लिहिलं त्याची वजाबाकी बरोबरच आहे. त्याला तीनपैकी दोन मिळावेत. एकाच चुकीची शिक्षा दोनदा नको. मात्र आधीच्या चुकीमुळे पुढची पायरीच सोपी झाली, म्हणजे गुणाकार ४०० आला आणि वजा करण्यासारखं काही उरलंच नाही, तर तो तिसरा गुण द्यायचा नाही, हेही योजनेत लिहून ठेवावं. ज्याने २४ आणि १८ ची बेरीज ४२ केली, मग ४०० मधून ४२ वजा करून ३५८ लिहिलं, त्याला शून्य. त्याची वजाबाकी सुबक असली तरी तिचा या प्रश्नाशी संबंध नाही.

आणखी एक मूल आहे. त्याने मनातच चोवीस विसे चारशे ऐंशी, त्यातून दोन खोक्यांचे अठ्ठेचाळीस गेले, चारशे बत्तीस, असं केलं आणि नुसतं ३२ लिहिलं. त्याला पूर्ण गुण द्यायचे की ‘रीत दाखवली नाही’ म्हणून कापायचे? प्रश्नात रीत दाखवा असं म्हटलं नसेल तर पूर्ण गुण, हा न्याय. रीत बघायचीच असेल तर प्रश्नातच तसं सांगावं. पुस्तकातल्याहून वेगळ्या पण योग्य रीतीला गुण कमी देणं म्हणजे विचार करणाऱ्या मुलालाच दंड. एकक लिहायचं राहिलं, खाडाखोड केली, अंक उलटा काढला, अशा बाबींचा निर्णय तपासायला बसण्याआधी व्हावा, पाचवी उत्तरपत्रिका हातात आल्यावर नव्हे. आणि शक्य असेल तर चार-पाच उत्तरपत्रिका शेजारच्या वर्गशिक्षकांनी आपले गुण न पाहता तपासाव्यात. जिथे दोघांचे गुण जुळत नाहीत, तिथे योजनेतलं वाक्य सुधारायला हवं.

गुण लिहून झाल्यावर

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलासमोर वर्णनात्मक नोंद करायची असते. ‘गणितात रुची आहे’, ‘अधिक सराव आवश्यक’ अशी वाक्यं पटावरच्या निम्म्या मुलांसमोर जशीच्या तशी उतरतात. यात शिक्षकांचा आळस थोडा, पेपरचा दोष जास्त. ज्या पेपरातून फक्त तेरा किंवा सतरा एवढाच आकडा बाहेर पडतो, त्यावरून दुसरं लिहिणार तरी काय? उत्तरपत्रिका तपासताना बाजूला एक कागद ठेवून, कोणतं चुकीचं उत्तर किती मुलांनी लिहिलं याच्या रेघा मारत गेलं, तर ‘हातच्याची वजाबाकी येते, मधे शून्य असल्यास शतक सुटं करताना चुकतो’ अशी नोंद लिहिता येते. पुढच्या शिक्षकाला तिचा उपयोग होतो. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेच चुकीचं उत्तर लिहिलं असेल तर दोष मुलांचा नसून शिकवण्याचा किंवा प्रश्नाचा आहे, हेही त्याच कागदावर दिसतं.

पालकांनीही घरी गुणपत्रिका आली की ‘किती पडले?’ याच्यापुढे जाऊन ‘काय चुकलं, आणि तू ते कसं केलंस ते सांग’ एवढं विचारावं. मूल बहुधा आपली रीत सांगतं, आणि चूक तिथेच सापडते.

शिक्षकांना मात्र एक आग्रहाची विनंती. पुढच्या चाचणीचा पेपर तयार झाला की तो एकदा सोडवून पाहा, पण बरोबर रीतीने नव्हे, तुमच्या वर्गातली मुलं करतात त्या चुकीच्या रीतींनी. चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर येत असेल, तर तो प्रश्न बदला. बहुतेक वेळा सगळा प्रश्न बदलावा लागत नाही. एखादा आकडा बदलला तरी काम होतं. त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही.